अँबेसेडर मार्क ३ : रेडिएटर पहिल्यांदाच उतरवायचा आहे, आधी काय बघावं?

जुळे_सोलापूरकर

मंडळी, गाडी अँबेसेडर मार्क ३, १४८९ सीसी पेट्रोल. रेडिएटर मूळचाच, तांब्या-पितळेचा. लक्षणं अशी : खालच्या टाकीच्या सांध्यावर हिरवट-पांढरा थर धरलाय. इंजिन गार असताना थेंब नाही, तापलं की ठिबकायला लागतं. होटगी रोडला मोकळ्यात तापमानाचा काटा जागेवर राहतो, सात रस्ता चौकात सिग्नल लागला की चढायला लागतो. जाळीवरून बोट फिरवलं तर फिनचा (जाळीतल्या पातळ पट्ट्यांचा) काळपट भुगा हाताला लागतो. ऑइल कॅपखाली पांढरं लोणी नाही, तेलाची पातळी वाढलेली नाही, त्यामुळे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) शाबूत धरून चाललोय.

इंजिनाची बाकी कामं येतात, रेडिएटर मात्र कधी उतरवलेला नाही. घरापुढच्या फरशीवर करायचं आहे. जाळी बदलून घ्यावी की अख्खा नवा घ्यावा? अॅल्युमिनिअमचा चालेल का? सोबत आणखी काय बदलून टाकावं? आणि दोन मिस्त्री म्हणाले थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेका, सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचं काही काम नाही. हे खरं का?

पितळी_टाकी

फिनचा भुगा पडतोय म्हणजे जाळी संपली, डाग देण्यात (कथलाने सांधण्यात) पैसे घालू नका. पाणी नळीतून जातं आणि उष्णता नळीवर कथलाने जोडलेल्या फिनमधून हवेत जाते. तो जोड कुजला की नळी गरम आणि फिन गार, दोघांचा संबंध तुटला. असा रेडिएटर एक थेंबही गळत नसला तरी निकामी असतो. टाकी उघडून सळई मारली तर नळ्या आतून साफ होतील, पण बाहेरचा जोड परत येत नाही.

टाक्या मात्र सहज सोडू नका. मूळच्या पितळी टाक्या जाड पत्र्याच्या असतात. वरची टाकी, खालची टाकी, दोन्ही माना (रबरी नळ्या चढतात ती तोंडं) आणि बाजूच्या पट्ट्या सरळ असतील तर त्याच ठेवून मध्ये नवी तांब्याची जाळी बसवून घ्या. तयार रेडिएटर मिळतो, पण मानेचा कोन किंवा बोल्टची भोकं पाव इंच इकडेतिकडे असली की माणूस पाना लावून ओढून बसवतो. तो ताण सांध्यावर येतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात सांधा फुटतो.

जाळी सांगताना नळ्यांच्या तीन ओळींची सांगा, पण फिन फार दाट नकोत, एका इंचात १० ते १२ पुरेत. दाट फिनचा रेडिएटर कागदावर चांगला दिसतो. आपल्याकडे अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूने यंत्रमागाची तूस उडते आणि गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागे पाचटाचा भुगा. दाट जाळी हे सगळं गाळणीसारखं धरून ठेवते आणि महिन्याभरात हवा जाणं बंद होतं.

जुना रेडिएटर दुकानात नेण्याआधी मापं कागदावर लिहा : जाळीची रुंदी, उंची, जाडी, दोन्ही मानांचा बाहेरचा व्यास, झाकणाच्या मानेची जागा, आणि बोल्टच्या भोकांचं केंद्र ते केंद्र अंतर. एका बाजूचं नाही, दोन्ही बाजूंचं, वर आणि खालीही. काम होऊन परत आल्यावर हीच मापं पुन्हा लावून बघायची. डाग देताना चौकट एका कोपऱ्यात ओढली जाते, आणि ते गाडीत बसवताना कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं.

ताब्यात घेताना तुमच्यासमोर हौदात बुडवून हवा भरायला लावा. तुमच्या झाकणावर जो दाब कोरलाय त्यापेक्षा दोन-तीन पाउंड जास्त, बस्स. जास्त हवा सोडून मजबुती दाखवण्यात अर्थ नाही, चांगला सांधा त्यात उगाच ताणला जातो. पाण्याखाली निदान दोन मिनिटं धरा. मोठं भोक लगेच बुडबुडे सोडतं, पण डागातली बारीक चीर अर्ध्या मिनिटाने एखादा मोहरीएवढा बुडबुडा सोडते. तोच पुढे त्रास देतो.

रंग द्यायचा तर काळा, मॅट, पातळ, एकच हात. जाड ऑइल पेंट म्हणजे जाळीला पांघरूण.

अॅल्युमिनिअम थंड करतो चांगलं, वजनाला हलका, त्याबद्दल वाद नाही. पण तो डागाने दुरुस्त होत नाही, आर्गॉन वेल्डिंगवाला लागतो. आणि ज्या गाडीत अधूनमधून नळाचं-बोअरचं पाणी पडणार, तिथे त्याला बारीक खड्डे पडून भोकं होतात. मूळ टाक्या शाबूत असताना मी पितळच ठेवेन.

मार्क_थ्री

अण्णांनी जाळीचं सांगितलं ते सगळं बरोबर. पण जुळेकर, रेडिएटर अजून उतरवू नका.

सोलापुरात नवी जाळी लवकर चोंदते त्याचं कारण बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये असतं. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घातलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भोवती, विशेषतः मागच्या चौथ्या सिलिंडरपाशी, गंज आणि क्षाराचा चिखल बसलेला असतो. नवी जाळी लावली, नवं कूलंट घातलं की तो चिखल सुटतो, पंपातून वर येतो आणि नव्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतो. म्हणजे नवा रेडिएटर ब्लॉकची गाळणी म्हणून वापरला जातो.

म्हणून क्रम उलटा करा. जुना रेडिएटर जाग्यावर असतानाच ब्लॉक धुवा. घाण सुटून जुन्या जाळीत अडकली तरी हरकत नाही, ती जाणारच आहे.

ब्लॉकची स्वतंत्र तोटी आहे. ड्रायव्हरच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटर ज्या अंगाला आहे त्याच अंगाला, मागच्या टोकाशी खाली. रेडिएटरची तोटी उघडून पाणी थांबलं की सगळे समजतात इंजिन रिकामं झालं. ब्लॉकमधलं पाणी तसंच राहतं. ती तोटी उघडून पाणी आलं नाही तर तोटी पूर्ण काढून तारेने आत टोचा. आधी घट्ट लापशीसारखा गाळ येईल, मग पाणी. गाळ येईल तेव्हा तोंड बाजूला ठेवा.

रसायनशाळा

धुण्याबद्दल मी लिहिते, कारण इथेच लोक टॉयलेट साफ करायचं अॅसिड वापरतात. ते हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. क्षार झटक्यात विरघळवतं हे खरं, पण त्याच झटक्यात डागाचं कथील, पितळेतलं जस्त, ब्लॉकचं बीड आणि थर्मोस्टॅटवरचं अॅल्युमिनिअमचं एल्बो (वाकडं तोंड), सगळंच खातं. अजिबात नको.

सायट्रिक अॅसिड वापरा, ज्याला किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणतात. प्रमाण एका लिटरला ५० ग्रॅम. आधी साधं पाणी काढून टाका, थर्मोस्टॅट काढून ठेवा, कोमट पाण्यात सत्व पूर्ण विरघळवून मग भरा. इंजिन ७५-८० अंशांपर्यंत नेऊन अर्धा तास हळू चालू ठेवा. उकळू द्यायचं नाही. गार झालं की दोन्ही तोट्या उघडून काढा. पाणी चहाच्या रंगाचं किंवा त्याहून काळं आलं तर पुन्हा एकदा. रात्रभर आत ठेवू नका. क्षार संपला की आम्ल धातूकडे वळतं.

नंतर साध्या पाण्याने वरून खाली आणि खालून वर असं दोन्हीकडून धुवा. मग लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा घातलेलं पाणी दहा मिनिटं फिरवा, म्हणजे उरलेलं आम्ल मारलं जाईल. शेवटी पुन्हा साधं पाणी, स्वच्छ येईपर्यंत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कित्येक जुन्या गाड्यांची गळती क्षारानेच बुजलेली असते. आम्लाने ते बूच निघालं की जाळी, पंपाचं सील किंवा ब्लॉकचे कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) यांपैकी काहीही गळायला लागू शकतं. धुतलेल्या दिवशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही, खाली कोरडा पुठ्ठा टाकून रात्रभर बघायचं. गळायचं ते घरी गळू दे. कोअर प्लगभोवती ओल दिसली तर रेडिएटर बाहेर असतानाच तो बदलून घ्या, पुढे हात जायला जागा नसते.

हायवे_६५

थर्मोस्टॅट काढाच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, इंजिनाला गरम व्हायला मदत कशाला पाहिजे? पुणे रोडला कित्येक टॅक्सीवाले विना थर्मोस्टॅट चालवत होते.

मार्क_थ्री

चालतं, पण फायद्याचं नाही. बाहेर त्रेचाळीस अंश असले तरी इंजिनाला ८०च्या वर चालायचं असतं. बाहेरच्या हवेत आणि त्यात चाळीस अंशांची दरी उरतेच. थर्मोस्टॅट नसेल तर सकाळी, आणि पावसाळ्या-हिवाळ्यात तर दिवसभर, इंजिन साठ-पासष्टवरच फिरतं. पेट्रोल नीट वाफ होत नाही, चोक जास्त वेळ लागतो, तेलातली ओल उडत नाही आणि टॅपेट कव्हरखाली चिकटा धरतो. पिस्टन-रिंगची झीज गार इंजिनातच जास्त होते.

"थर्मोस्टॅट नसला की पाणी इतकं जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही" असं जे सांगतात तेही चूक. पाणी जोरात फिरलं तर उष्णता जास्तच जाते. मुद्दा वेगळा आहे. थर्मोस्टॅटच्या अरुंद तोंडामुळे हेडमध्ये थोडा जास्त दाब राहतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळच्या तापलेल्या जागी वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. ते तोंड काढलं की काटा खाली दिसतो आणि हेडमध्ये ठिकठिकाणी पाणी उकळत असतं.

उन्हाळ्यासाठी ७४ अंशांचा घाला, बाराही महिने एकच हवा तर ८२चा. नवा असला तरी आधी तपासा. पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा, थर्मामीटर बाजूला, दोघांनाही बूड लागू देऊ नका. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे उघडायला लागावा आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडावा. बसवताना स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, आणि बारीक हलणारी पिन असेल तर ती वरच्या अंगाला. तिथून हवा निघते.

आता एल्बोची खबरदारी. ते तीन स्टडवर बसतं, स्टड लोखंडी आणि एल्बो अॅल्युमिनिअमचं, दोघं गंजून एक झालेले असतात. नट निघाले म्हणून हातोडी मारू नका, कान तुटतो. दोन दिवस आधीपासून रोज स्टडच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. मग लाकडी ठोकळा लावून डाव्या-उजव्या अंगाने हलके ठोके, वर उचलायची घाई नाही. नवं गॅस्केट आणि पातळ सीलंट, दोन्ही पृष्ठभाग ब्लेडने साफ करून.

हायवे_६५

दाबाचं लक्षात आलं. मग ८२चाच घालून बघतो.

पितळी_टाकी

झाकणाचंही आत्ताच सांगून ठेवतो, कारण नव्या जाळीचा खून बहुतेक वेळा झाकण करतं. जुन्या गाड्यांना ४ किंवा ७ पाउंडाचं झाकण असतं, आजच्या गाड्यांना १३ ते १६. झाकणावर ०.९ लिहिलं असेल तर ते बार आहे, म्हणजे १३ पाउंड. दुकानदार "जास्त दाबाचं चांगलं" म्हणून हेच देतो. त्याने जाळी, हीटरची नळी आणि पंपाचं सील, जे नाजूक असेल ते आधी जातं.

दुसरं, झाकणाची खोली. मानेच्या वरच्या काठापासून आतल्या बैठकीपर्यंतचं अंतर पाऊण इंच किंवा एक इंच असतं. एक इंच खोल मानेवर पाऊण इंची झाकण फिरून घट्ट बसतं, पण आतला रबर बैठकीला टेकतच नाही. दाब शून्य, पाणी ओव्हरफ्लोने बाहेर. आणि लोक पंप बदलत बसतात. काडी घालून खोली मोजा, मग झाकण घ्या.

दाबाला महत्त्व का, तर सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच आहे, इथे उघडं पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. ७ पाउंडाचं झाकण धरलं तर हीच मर्यादा ११०च्या जवळ जाते. उन्हाळ्यात तुळजापूरच्या घाटात हाच फरक उपयोगी पडतो.

जुळे_सोलापूरकर

अण्णा, झाकणावर ७ कोरलंय, खोली एक इंच भरली. ब्लॉक धुतला, दुसऱ्या वेळी पाणी जवळजवळ स्वच्छ आलं, कोअर प्लग कोरडे आहेत. ब्लॉकच्या तोटीतून आधी काहीच येत नव्हतं, तार घातल्यावर गाळ आला. आता उतरवण्याचा क्रम सांगा. बोल्टना १३चा पाना बसतोय.

मार्क_थ्री

१३चा बसतोय पण तो त्या बोल्टचा नाही. ही गाडी इंची मापाची. पाव इंची बोल्टला ७/१६ आणि ५/१६ बोल्टला १/२ इंची पाना लागतो. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, म्हणून १३ ढिला बसतो आणि गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल करतो. इंची रिंग पाना घ्या. बोल्ट सुटत नसेल तर आधी किंचित आवळायचा, तो 'टक्' आवाज आला की मग सोडायचा.

इंजिन पूर्ण गार. बॅटरीची अर्थची वायर काढा. बॉडीला कोणती वायर बांधली आहे ते बघून काढा, जुन्या गाड्यांत दर वेळी ती मायनसच असते असं नाही. झाकण काढा, दोन्ही तोट्या उघडा आणि निघालेलं पाणी लिटरच्या खुणा असलेल्या बादलीत धरा. किती निघालं ते लिहून ठेवा, भरताना हाच आकडा कामाला येतो.

मग वरचा होज (रबरी नळी), खालचा होज, ओव्हरफ्लोची नळी काढा. जुना होज मानेला चिकटलेला असतो, त्याखाली पेचकस घालून उचकटू नका. मानेचं पितळ पातळ असतं, आतल्या आत चेपतं किंवा मुळाशी चीर जाते. नवे होज घेणारच आहात, तेव्हा ब्लेडने लांबीत चिरा आणि केळ्याच्या सालीसारखा सोलून काढा.

आता पंखा आणि जाळी यांच्या मधोमध जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायवुड उभा सरकवा. हे उतरवताना आणि त्याहून जास्त बसवताना. पंख्याच्या पात्याचं टोक नव्या जाळीवर नुसतं घासलं तरी पाच-सहा फिन आडव्या होतात, आणि नळीला लागलं तर आल्या पावली परत दुकानात. जागा फारच कमी वाटली तर पंख्याचे चार बोल्ट काढून पंखा बाजूला करा. त्याच बोल्टांवर पुलीही धरलेली आहे, ती सुटून बेल्ट सैल होणार हे ध्यानात ठेवा. पंख्याच्या पुढच्या अंगाला खडूने खूण करून ठेवा. उलटा बसला तर हवा उलटी जात नाही, तिकडेच जाते, पण निम्मीशिम्मी. त्यामुळे चूक दिसत नाही आणि गाडी सिग्नलला तापत राहते.

बाजूचे बोल्ट सोडताना आधी खालचे, शेवटी वरचे, आणि शेवटच्या दोनला एकाने रेडिएटर धरायचा. खाली रबरी पॅकिंग असतील तर कोणती कुठे होती ते बघून ठेवा. रेडिएटर सरळ वर उचला. आत अजून अर्धा-एक लिटर असतं, तिरका केला की फरशीवर.

जुने होज, क्लिप, जुनी जाळी, यातलं काहीही नवा रेडिएटर गाडीत बसून पाणी धरेपर्यंत मोडीत घालू नका.

बारा_व्होल्ट

रेडिएटर बाहेर असताना पंप बघून घ्या, पुन्हा इतकी जागा मिळणार नाही. पंखा धरून पुढेमागे आणि वरखाली हलवा, जाणवेल इतका खेळ असेल तर बेअरिंग गेलं. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथे गंजाचा ओघळ दिसला तर सील गळतंय. ते भोक एम-सील लावून बुजवलेलं बघितलंय, तसं करू नका. पाणी मग बेअरिंगमध्ये जातं.

इंजिन माउंटचे रबर पण बघा. रबर बसले की इंजिन खाली-पुढे येतं आणि पंख्याची पाती जाळीजवळ जातात. पंखा आणि जाळी यांत सगळीकडे निदान पाऊण ते एक इंच हवं. ब्रेक मारल्यावर इंजिन पुढे झुकतं तेवढी जागा राहिली पाहिजे.

पितळी_टाकी

बसवण्याबद्दल. सगळे बोल्ट आधी नुसते हाताने चार-पाच आटे लावा, रेडिएटर आपोआप जागेवर बसला का बघा, मगच पाना. एखादं भोक जुळत नसेल तर भोक कानशीने लांबट करा, रेडिएटर ओढू नका. बोल्टखाली रबर किंवा निदान कॅनव्हासची पट्टी हवी. या गाडीची बॉडी खड्ड्यात पिळते, तो पीळ टाकीपर्यंत जाता कामा नये.

माना पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, इंजिनाकडच्या मानाही. तिथे क्षाराचा एक कडक रिंग बसलेला असतो, त्याच्यावर होज कितीही आवळा, ठिबकणारच. होजला ग्रीस किंवा ऑइल लावून सरकवू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरे. क्लिप मानेच्या उंचवट्याच्या आत, होजच्या टोकापासून सुमारे पाव इंचावर.

खालचा होज घेताना हाताने दाबून बघा. ती पंपाची ओढणारी बाजू आहे. मऊ होज असेल आणि आत स्प्रिंग नसेल तर वेगात तो चपटा होतो, पाणी अडतं. उभ्या गाडीत कळत नाही, हायवेला सत्तरवर गाडी तापते.

बेल्टला लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबून अर्धा इंच लवचीकपणा ठेवा.

रसायनशाळा

कूलंट : जुन्या तांबं-पितळ-कथलाच्या यंत्रणेला पारंपरिक, सिलिकेट असलेलं इथिलीन ग्लायकॉलचं घ्या. "पाच वर्षं बदलायला नको" असं लिहिलेली ऑरगॅनिक आम्लाची नवी कूलंट आजच्या अॅल्युमिनिअम इंजिनांसाठी चांगली आहेत, पण डागाच्या सांध्यांसाठी माझा विश्वास जुन्यावरच आहे. डब्यावर आयएस ५७५९ शोधा. रंगावरून ठरवू नका, रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. डबा आधीच पातळ केलेला आहे की अर्क आहे तेही वाचा. पातळ केलेल्यात पुन्हा पाणी घातलं की गंजरोधक अपुरं पडतं.

प्रमाण एक भाग अर्क, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर. सहा लिटर बसत असेल तर २ लिटर अर्क, ४ लिटर पाणी. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, त्यामुळे अर्धं-अर्धं करण्याची गरज नाही. नुसतं पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून जास्त कूलंट म्हणजे जास्त गार असं होत नाही. एक तृतीयांशाने गंज थांबतो आणि उकळबिंदू आणखी तीनेक अंश वर जातो, तेवढं पुरे. दोन वर्षांनी बदला, घट्टपणा तसाच दिसला तरी, कारण आतलं गंजरोधक संपलेलं असतं.

बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, आरओचंही निभावून जातं. बोअरचं नको. वाटेत भर घालायला तयार मिश्रणाची बाटली डिकीत ठेवा. आणि हळद टाकून गळती थांबवायचा उपाय फक्त घरापर्यंत पोचण्यासाठी. ती हळद नंतर नळ्यांतून निघत नाही.

मार्क_थ्री

भरताना गाडीचं तोंड चढावर करा किंवा पुढून जॅक लावा, म्हणजे झाकणाची जागा सगळ्यात उंच येईल. हीटर असेल तर त्याची तोटी उघडी. तांब्या-तांब्याने हळू ओता, मध्येमध्ये वरचा होज दाबून सोडा, प्रत्येक दाबाला बुडबुडे येतील. काढताना लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा लिटरभर कमी बसलं तर हवा अडकली आहे.

झाकण न लावता इंजिन चालू करा आणि मानेत बघत राहा. थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत पाणी जवळजवळ स्थिर दिसतं. वरचा होज एकदम गरम झाला की तो उघडला, तेव्हा पातळी झपकन खाली जाते. भरा. बुडबुडे थांबले की मानेपासून इंचभर खाली पातळी ठेवून झाकण लावा. काठोकाठ भरू नका. या गाडीला वेगळी बाटली नाही, पाणी फुगलं की जास्तीचं ओव्हरफ्लोने बाहेर पडतंच, आणि माणूस म्हणतो नवा रेडिएटर गळतोय.

इंजिन गार असताना, थर्मोस्टॅट उघडायच्या आधीच एकसारखे बुडबुडे येत राहिले आणि अॅक्सिलरेटर दिल्यावर वाढले, तर ती अडकलेली हवा नाही. सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. मग हेड गॅस्केट.

पहिल्यांदा तापून पूर्ण गार झालं की सगळ्या क्लिप अर्धा-पाऊण आटा पुन्हा आवळा. रबर पहिल्या तापण्यात बसतं.

जुळे_सोलापूरकर

जाळी बसवून आली, मापं जुळली, गाडीत बसली. कूलंट एकास दोन. गळती कुठेच नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर लावला : तुळजापूर रोडला साठच्या वेगाने थर्मोस्टॅटच्या एल्बोवर ८४-८५. सात रस्त्याला पाच-सात मिनिटं उभी राहिली की ९६-९७पर्यंत जातं, तिथून पुढे चढत नाही, चालू झाली की उतरतं. पण टाकीच्या पितळेवर लावला तर साठच दाखवतो. कोणता आकडा खरा?

बारा_व्होल्ट

पितळ चकचकीत असेल तर तो थर्मामीटर कमीच दाखवतो, चमकणारा धातू उष्णता नीट सोडत नाही आणि यंत्राला आजूबाजूचं प्रतिबिंब दिसतं. वरच्या आणि खालच्या मानेजवळ काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि टेपवर मोजा. दोन्हींत ५ ते १० अंशांचा फरक आला तर रेडिएटर काम करतोय. फरक खूपच जास्त असेल तर पाणी हळू फिरतंय, पंप किंवा अडथळा बघा. फरक जवळजवळ नसेल तर हवा जात नाही.

तेवढ्यात जाळीवरूनही यंत्र फिरवा. सगळीकडे वरून खाली हळूहळू उतरत जाणारा आकडा हवा. मध्येच एखादा उभा पट्टा गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत.

मार्क_थ्री

वेगात ठीक आणि उभ्या गाडीत वर, म्हणजे पाण्याचा नव्हे, हवेचा प्रश्न. उलट असतं, म्हणजे सिग्नलला ठीक आणि वेगात गरम, तर मी खालचा होज, ब्लॉकची घाण आणि इग्निशन टायमिंग बघितलं असतं. टायमिंग मागे असलं तरी इंजिन खूप तापतं, तेही एकदा लाइट लावून बघून घ्याच.

तुमच्यासाठी आधी बेल्ट, मग पंख्याची खडूची खूण, मग कडांच्या फटी. रेडिएटर आणि पुढच्या पत्र्याच्या मध्ये बाजूंना आणि वर जी फट असते तिथे मुळात रबर किंवा फेल्टच्या पट्ट्या असतात, जुन्या गाडीत त्या झडून गेलेल्या असतात. उभ्या गाडीत पंख्याने मागे टाकलेली गरम हवा त्याच फटीतून वळून पुन्हा जाळीपुढे येते आणि पंखा तीच परत ओढतो. एक कागद फटीजवळ धरून बघा, इंजिन चालू असताना तो पुढच्या बाजूला उडाला तर कारण सापडलं. जाड बंद-पेशी फोमच्या पट्ट्या चिकटवा, जाळीचा चेहरा झाकणार नाही अशा.

जुळे_सोलापूरकर

कागद पुढे उडाला, दोन्ही बाजूंनी आणि वरूनही. पट्ट्या लावल्यावर त्याच चौकात, तेवढ्याच वेळात ९० वर थांबतो. टेपवर मोजलेला दोन मानांतला फरक ८ अंश. शेवटचं एक, ओव्हरफ्लोला बाटली जोडली तर चालेल का? आणि जुनं निघालेलं पाणी कुठे टाकू?

पितळी_टाकी

बाटली चालेल, पण झाकण त्या जातीचं हवं : मध्यभागी परत ओढणारी छोटी व्हॉल्व्ह आणि वरच्या काठालाही रबर असलेलं, दाब तोच ७. साध्या झाकणाला बाटली जोडली तर पाणी जाईल, परत येणार नाही. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी, नेहमी पाण्यात बुडालेलं. असं केल्यावर रेडिएटर काठोकाठ भरायचा आणि पातळी बाटलीत बघायची.

रसायनशाळा

लिंबूसत्वाचं पाणी सोडा घालून, फेस यायचा थांबला की, सांडपाण्यात सोडता येतं. जुनं कूलंट मात्र गटारात किंवा झाडाच्या आळ्यात नको. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडाला पुरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर "कूलंट, विष" लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला विचारून द्या, तेलात मिसळू नका. फरशीवर सांडलेलं आधी मातीने टिपून घ्या, मग धुवा.